विला कॅथर यांची फॉरेस्टरबाई

अमेरिकेचा पश्चिम भाग म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे भरधाव घोडा, कमरेला पिस्तूल लावलेला गुराखी आणि धुळीने माखलेला एखादा रस्ता उभा राहतो. चित्रपटांनी करून दिलेली ही ओळख अगदीच खोटी आहे असे नव्हे. परंतु ती फार अपुरी आहे. ज्या कादंबरीविषयी येथे लिहावयाचे योजिले आहे तिच्यात एकही चकमक नाही. तिच्यात आहे टेकडीवरचे एक घर, त्या घरातली एक विलक्षण मोहक बाई, आणि तिच्याकडे पाहत पाहत लहानाचा मोठा होणारा एक मुलगा. कादंबरीचे नाव 'अ लॉस्ट लेडी'. ती विला कॅथर ह्या अमेरिकन लेखिकेने लिहिली आणि १९२३ साली प्रसिद्ध झाली. पुस्तक अगदी लहान आहे. सुट्टीच्या दोन दुपारी पुरतील एवढेच. मात्र वाचून झाल्यावर ते सहजासहजी मिटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे सीमा म्हटली की दोन राज्यांमधली नकाशावरची रेघ मनात येते. अमेरिकनांची सीमा ह्याहून वेगळी होती. पूर्वेकडून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची वस्ती जेथे संपे आणि मोकळे रान जेथे सुरू होई, त्या सरकत्या कडेला ते सीमा म्हणत. दर पिढीगणिक ती पश्चिमेकडे सरकत गेली. १८६२ साली सरकारने कायदा केला की, जो कोणी पाच वर्षे राहून जमीन कसील त्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळतील. १८६९ साली आगगाडीचे रूळ एका महासागराच्या बाजूपासून दुसऱ्या महासागराच्या बाजूपर्यंत जोडले गेले. पुढे १८९० च्या जनगणनेनंतर जाहीर करण्यात आले की, आता अशी सलग कड दाखविता येत नाही. आणि तीन वर्षांनी फ्रेडरिक जॅक्सन टर्नर ह्या तरुण इतिहासकाराने शिकागो येथे एक निबंध वाचून अमेरिकेच्या इतिहासाचे एक पर्व संपले असे सांगितले. ज्यांचे ते रान पिढ्यान् पिढ्या होते त्या पॉनी आदी मूळ रहिवाशांचे पर्व मात्र त्याआधीच हिरावले गेले होते, हे वाचताना विसरू नये. कॅथर ह्या गोष्टीवरून जरा लगबगीने पुढे जातात, असे मला वाटते.

कॅथर यांचा जन्म १८७३ साली व्हर्जिनिया प्रांतात झाला. त्या नऊ वर्षांच्या असताना, १८८३ मध्ये, कुटुंब नेब्रास्काच्या गवताळ मैदानात राहावयास आले आणि पुढल्या वर्षी रेड क्लाउड ह्या गावी स्थिरावले. डोंगर-झाडीत वाढलेल्या मुलीला चहूकडे नुसते गवत आणि आभाळ! पुढे त्यांनी १८९५ साली नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेतली, वर्तमानपत्रांतून लिहिले, पिट्सबर्ग येथे काही वर्षे माध्यमिक शाळेत अध्यापनही केले. (शाळामास्तरकीचा हा उल्लेख मी थोड्या अभिमानानेच करते, हे कबूल केले पाहिजे.) रेड क्लाउड गावात सायलस गार्बर नावाचे गृहस्थ राहत. गाव वसविणाऱ्यांपैकी ते एक, आणि १८७५ ते १८७९ ह्या काळात नेब्रास्काचे गव्हर्नर. त्यांची पत्नी लायरा वयाने त्यांच्याहून बरीच लहान आणि मोठी आतिथ्यशील होती. बालपणी कॅथर यांनी तिला जवळून पाहिले होते. १९२१ साली ती वारल्याची बातमी त्यांना कळली आणि दोनच वर्षांनी ही कादंबरी बाहेर पडली. नायिकेचे मूळ येथे आहे.

कादंबरीतील गावाचे नाव स्वीट वॉटर. बर्लिंग्टन आगगाडीच्या मार्गावरचे हे लहानसे ठाणे. गावाबाहेरच्या टेकडीवर कॅप्टन डॅनियल फॉरेस्टर यांचे पांढरे घर आहे. कॅप्टन हे रूळ टाकण्याची मोठमोठी कंत्राटे घेणारे; शेकडो मैलांचा लोहमार्ग त्यांनी बांधलेला. तरुणपणी ह्या रानातून जाताना ही टेकडी त्यांना आवडली आणि त्यांनी तेथे विलोची एक खुंटी ठोकून खूण केली. अनेक वर्षांनी परत येऊन पाहतात तो खुंटीला मुळे फुटून तिचे झाड झालेले! तेथेच त्यांनी घर बांधले. ती जागा पूर्वी मूळ रहिवाशांच्या तळाची होती, हे कॅप्टन स्वतःच सांगतात. घराखालच्या सखल भागात एक दलदल आहे. ती उपसून काढली असती तर उत्तम शेतजमीन झाली असती. पण कॅप्टनला ती तशीच सुंदर दिसते म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. ही दलदल नीट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आणि त्या घराच्या स्वामिनी म्हणजे मारियन फॉरेस्टर. कॅप्टनहून पंचवीस वर्षांनी लहान. आगगाडीचे बडे अधिकारी आपला प्रवास मोडून ह्या घरी एक रात्र काढीत, ते केवळ जेवणासाठी नव्हे. गाडीचा आवाज आला की फॉरेस्टरबाई आहेत तशा दारात येत. कधी हातात लोण्याने माखलेला चमचा, कधी बोटे चेरीच्या रसाने रंगलेली, कधी मोकळे केस आणि हातात कुंचा. इतर कोणाला जे शोभले नसते ते त्यांना शोभून जाई. एकदा कुरणातला नवा बैल त्यांच्या अंगावर धावून आला. त्या पळत होत्या, हसत होत्या, आणि हातातली छत्री काही केल्या सोडीत नव्हत्या. ह्या एका प्रसंगात त्यांचे सगळे व्यक्तित्व आले आहे. त्यांचे सौंदर्य कॅथर फारसे वर्णन करीत नाहीत. त्यांचे हसणे, त्यांच्या कानांतले लोंबते डूल, समोरच्या माणसाकडे पाहण्याची त्यांची तऱ्हा, एवढेच सांगतात. आणि तेवढ्यावर वाचक जिंकला जातो. मोहकपणा म्हणजे रूप नव्हे. समोरच्याला आपण अधिक जिवंत आहोत असे वाटायला लावण्याची ती शक्ती आहे. जज्ज पॉमरॉय यांचा भाचा नील हर्बर्ट याला ती शक्ती बाराव्या वर्षीच जाणवली.

तो प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. गावची मुले फॉरेस्टरांच्या रानात खेळायला गेलेली असतात. तेथे आयव्ही पीटर्स नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा उद्धट मुलगा येतो. तो गलोलीने एका सुतार पक्ष्याच्या मादीला बेशुद्ध करतो, बारीक सुरीने तिचे डोळे चिरतो आणि तिला सोडून देतो. आंधळा पक्षी फांद्यांवर आपटत, धडपडत, शेवटी चाचपडत आपले बीळ गाठतो. त्या जिवाचे हाल संपवावेत म्हणून नील झाडावर चढतो, खाली पडतो आणि त्याचा हात मोडतो. त्याला उचलून घरात नेतात, आणि शुद्धीवर येतो तेव्हा तो फॉरेस्टरबाईंच्या पलंगावर असतो. त्या त्याच्यावर वाकलेल्या असतात. त्या थंडगार, अर्धवट काळोख्या खोलीत त्या मुलाच्या मनात एक मूर्ती स्थापन झाली. बाहेर रानात आंधळा पक्षी होता आणि आयव्ही पीटर्सही होता. पण नीलच्या मनाने त्या वेळी फक्त खोली पाहिली.

आता दोषाकडे वळू. फॉरेस्टरबाई पतीशी एकनिष्ठ नव्हत्या. फ्रँक एलिंजर नावाच्या एका देखण्या, धिप्पाड अविवाहित पुरुषावर त्यांचे मन होते. ह्या गोष्टीचा सुगावा प्रथम लागतो तो हिवाळ्यात रानात शिकार करीत हिंडणाऱ्या ॲडॉल्फ ब्लूम नावाच्या गरीब जर्मन मुलाला. पण तो ती कोणाजवळही बोलत नाही. बाई त्याच्याकडून पक्षी विकत घेत, त्याला स्वयंपाकघरात बसवून गरम कॉफी देत. तो तिचा निवाडा करीत नाही. नीलचे तसे नाही. तो एकोणीस-वीस वर्षांचा असताना उन्हाळ्यातल्या एका पहाटे रानगुलाबांचा गुच्छ तोडून बाईंच्या खिडकीशी ठेवावयास जातो. खिडकीआडून बाईंचे हसणे ऐकू येते, आणि पाठोपाठ पुरुषाचे. तो गुच्छ चिखलात फेकून देतो. दुखावली ती आपली नीती नव्हे, आपली सौंदर्याची कल्पना, असे त्याला वाटते. आणि कॅथर हे स्पष्ट सांगतात. अपराध बाईंचा असेल. पण फुले कोणी मागितली नव्हती.

त्याच सुमारास कॅप्टन कोठे होते? ते डेन्व्हर शहरी गेले होते. तेथील एका बचत बँकेचे ते संचालक. ती बँक बुडाली होती. ठेवीदार बहुतेक मजूर, कारागीर, आगगाडीवरचे कामगार. पुष्कळसे कॅप्टनच्या हाताखाली राबलेले. त्यांनी पैसे ठेवले ते कॅप्टनचे नाव पाहून. इतर संचालक तरुण, व्यवहारी आणि सावध होते. डॉलरमागे काही सेंट देऊन ठेवीदारांना वाटेला लावावे, असे त्यांचे मत. कॅप्टन म्हणाले की, माझ्या नावावर विसंबलेल्या माणसाला डॉलरमागे पुरते शंभर सेंट मिळतील. बाकीचे हटले, कॅप्टननी स्वतःचे रोखे काढून दिले आणि जवळजवळ कफल्लक होऊन ते घरी परतले. त्यानंतर लवकरच त्यांना अर्धांगाचा झटका आला.

येथे कादंबरीची खरी अडचण सुरू होते. पती आपला शब्द पाळण्यासाठी सर्वस्व देत असताना पत्नी घरी विश्वासघात करीत होती, असे सरळ गणित मांडता येते. परंतु बँकेच्या प्रकरणात बाई पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या, ह्याहून दुसरे काही त्यांनी करावे अशी माझी इच्छाच नव्हती असे त्या म्हणाल्या, हेही खरे आहे. ज्या बाईला कडाक्याच्या हिवाळ्यात ह्या एकाकी टेकडीवर राहणे असह्य होई आणि डेन्व्हर किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील नाचगाण्यांवाचून जिचा जीव गुदमरे, तिने गरिबी आणि आजारी पती दोन्ही पत्करले. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत. कॅथर त्यांतली कोणतीही पुसून टाकीत नाहीत.

नील वास्तुशास्त्र शिकावयास बॉस्टनला जातो आणि दोन वर्षांनी परततो तो दलदल नाहीशी झालेली. आयव्ही पीटर्स आता वकील झाला आहे. त्याने ती जमीन भाड्याने घेतली, पाणी काढून टाकले आणि तेथे गहू पेरला. त्याला पैसे हवे होते, हे खरेच. पण कॅप्टनला जी वस्तू प्रिय होती ती नाहीशी करण्याचा आनंदही त्याला हवा होता. पहिल्या पिढीने रान पाहून स्वप्ने पाहिली, रूळ टाकले, दिलदारपणे जगली. दुसरी पिढी त्या रानाचे तुकडे पाडून विकणारी निघाली, असा कॅथर यांचा आरोप आहे. तो पुरता न्याय्य आहे असे मला वाटत नाही. आयव्हीने गहू पेरला तर त्यात काय बिघडले, असे एखादा शेतकऱ्याचा मुलगा विचारील. आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. पण सुतार पक्ष्याचे डोळे चिरणारा हात तोच आहे, हे आठवले की आपण मुकाट्याने लेखिकेच्या बाजूला जातो. ही त्यांची हातोटी.

आजारी कॅप्टन बागेत दगडी छायायंत्राजवळ बसून सावली सरकताना तासन् तास पाहत असतात. त्यांना पत्नीचे सारे माहीत होते का? होय, माहीत होते. एलिंजरच्या नावाचे पत्र त्यांच्या हाती येते. ते पत्ता पाहतात, पत्नीच्या अक्षराविषयी चार शांत शब्द बोलतात आणि पत्र तिच्या हवाली करतात. नीलला तेव्हा उमजते की, ही बाई स्वतःला ओळखते त्याहून तिचा पती तिला अधिक ओळखतो, आणि ओळखूनच तिचे मोल जाणतो. मला विचाराल तर सबंध पुस्तकातील सर्वांत मोठे वाक्य तेथे आहे. जे पतीला साधले ते नीलला शेवटपर्यंत साधत नाही.

नीलने बाईंसाठी काही केले नाही असे मात्र नाही. एलिंजरने दुसरीशी लग्न केल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. नदीनाल्यांना पूर आलेला असताना बाई रात्री पाण्यातून चालत, भिजून चिंब, जज्जांच्या कचेरीत येतात आणि तेथून दूरध्वनीवर एलिंजरला गाठतात. प्रथम गोड शब्द, मग आवाज चढतो, ताबा सुटतो. गावच्या दूरध्वनी केंद्रावरची बाई कान देऊन ऐकत असणार, हे जाणून नील मोठ्या कात्रीने तार कापून टाकतो. मूर्ती भंगली होती तरी गावाने तिच्यावर हसू नये, एवढी माया त्याच्यात उरली होती.

कॅप्टनच्या मृत्यूनंतर बाई आपला सारा व्यवहार जज्ज पॉमरॉय यांच्याकडून काढून आयव्ही पीटर्सकडे सोपवितात. मूळ रहिवाशांच्या जमिनी लबाडीने हस्तगत करणारा हा मनुष्य. पण तो पैसा वाढवून देईल आणि ह्या गावातून आपली सुटका होईल, ही बाईंची आशा. एके संध्याकाळी आयव्ही मागून येऊन त्यांच्या अंगावर हात टाकतो आणि त्या तो झिडकारीत नाहीत, हे नीलच्या दृष्टीस पडते. निरोपही न घेता तो गाव सोडतो.

येथे कॅथर यांनी नीलच्या मनातला जो विचार सांगितला आहे तो वाचून आपल्या देशातला वाचक थबकल्यावाचून राहत नाही. नीलची खरी तक्रार अशी की, त्या थोर पुरुषांची विधवा म्हणून ह्या बाईने स्वतःची आहुती द्यावयास हवी होती. ज्या युगात ती शोभली त्या युगाबरोबरच तिने संपावयास हवे होते. ते न करता तिने कसल्याही अटींवर का होईना, जगणे पसंत केले. हे म्हणजे सहगमनच! १७७२ साली थेऊर येथे माधवरावांच्या चितेवर गेलेल्या रमाबाईंची कथा आपण लहानपणी गहिवरून ऐकलेली असते. आणि १८२९ च्या कायद्याचे महत्त्वही आपणच वर्गात शिकवितो. एका अमेरिकन तरुणाच्या तोंडी न आलेली पण मनात असलेली ती जुनी अपेक्षा पाहून मी पुस्तक मिटवून ठेवले होते. महाविद्यालयात असताना मी ही कादंबरी प्रथम वाचली तेव्हा मी पूर्णपणे नीलच्या बाजूची होते. गुलाब चिखलात पडल्याचे मलाही दुःख झाले होते. आज वाचताना वाटते की, गरीब, एकाकी, चाळिशी उलटलेल्या त्या बाईने आपल्यात जगण्याची केवढी शक्ती आहे हे नीलला स्वतः सांगितले होते. त्याने ते ऐकले, पण समजून घेतले नाही. बैलापुढे हसत पळणारी आणि आयव्हीला हात लावू देणारी बाई एकच आहे. ज्या चैतन्याने तिने सर्वांना मोहविले त्याच चैतन्याने तिला खाली नेले. पहिले हवे, दुसरे नको, असे म्हणण्याची सोय कॅथर यांनी ठेवलेली नाही. आयव्हीची संगत मात्र मला आजही क्षम्य वाटत नाही.

शीर्षकाचे भाषांतर करताना ही गोष्ट अधिकच जाणवते. 'लेडी'ला मराठीत नेमका शब्द नाही. कुलीन स्त्री म्हणावे तर घराणे आले, बाईसाहेब म्हणावे तर अधिकार आला. आणि 'लॉस्ट' म्हणजे काय? बहकलेली, की हरवलेली? माझ्या घरच्या कोंकणीत वस्तू हातून गेली की 'सांडली' म्हणतात आणि माणूस दिसेनासा झाला की 'शेणला' म्हणतात. बाई बहकली असे गावाने म्हटले असेल. पण नीलच्या लेखी ती सांडली. त्याच्या हातून गेली. हरवले त्याचे.

ह्या पुस्तकाचा प्रभाव पुढच्या लेखकांवरही पडला. स्कॉट फिट्झजेराल्ड यांनी 'द ग्रेट गॅट्सबी' प्रसिद्ध होण्याच्या सुमारास, १९२५ साली, आपल्या नायिकेचे वर्णन कॅथर यांच्या वर्णनासारखे झाले आहे अशी कबुली देणारे पत्र त्यांना लिहिले होते. चित्रपट दोनदा निघाले, १९२४ आणि १९३४ मध्ये; त्यानंतर कॅथर यांनी आपल्या लेखनावर चित्रपट काढू दिले नाहीत. १९४७ साली त्या वारल्या.

फॉरेस्टरबाईंचे पुढे काय झाले, ते नीलला कित्येक वर्षांनी शिकागोच्या एका उपाहारगृहात बालमित्राकडून कळते. मित्राला त्या दक्षिण अमेरिकेत, ब्वेनोस आयरेस येथे भेटल्या होत्या. एका श्रीमंत, तिरसट इंग्रजाशी त्यांनी लग्न केले होते. केस रंगविलेले, गालांवर रंग, पण हसणे तेच. नीलला त्यांनी आठवणीने निरोप पाठविला होता. दर वर्षी मृत सैनिकांच्या स्मरणदिनी कॅप्टनच्या थडग्यावर फुले वाहावीत म्हणून त्या स्वीट वॉटरच्या माजी सैनिकांच्या संस्थेकडे पैसे पाठवीत. पुढे एके वर्षी त्या पैशांबरोबर त्यांच्या पतीचे पत्र आले. पत्नी वारली होती. डॅनियल फॉरेस्टर यांच्या थडग्याची निगा पुढेही राखली जावी म्हणून त्या इंग्रजाने रक्कम पाठविली होती, आणि ती ज्यांच्या स्मरणार्थ दिली त्या बाईंचे नाव त्याने लिहिले होते, मारियन फॉरेस्टर कॉलिन्स.